मधुमेही रुग्णाचं किडनी प्रत्यारोपण: रक्ताच्या गुठळीचा धोका घरच्यांनी पायरीपायरीने कसा सांभाळावा

ऑपरेशन सकाळी आठला होतं. किडनी देणारी बहीण रजा काढून मुंबईहून आली होती आणि रुग्ण, पेडण्याचा पन्नाशीतला माणूस, रात्रीपासून उपाशी होता. भूलतज्ज्ञांनी सहज विचारलं, "हृदयासाठी काही चालू आहे?" वहिनींनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. ती क्लोपिडोग्रेल होती, आदल्या रात्रीही घेतलेली. ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. दाखल होताना "रक्त पातळ करायची गोळी घेता का?" असं विचारलं होतं आणि घरच्यांनी मनापासून "नाही" म्हटलं होतं, कारण त्यांच्या घरात तिचं नाव "हार्टाची गोळी" असं होतं. पट्टी दाखवा, असं कुणी म्हणालं नव्हतं. त्या इस्पितळाचं नाव मी घेत नाही. मी तेव्हा तिथेच ड्युटीवर होते आणि मीही पट्टी मागितली नव्हती.

आधी डायलिसिसच्या खुर्च्यांजवळ आणि नंतर प्रत्यारोपणाच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम करताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. रक्त किती पातळ ठेवायचं, हेपारिन हे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतात आणि त्यांनीच ठरवावं. पण ज्या माहितीवर ते ठरवतात त्यातली अर्धी घरात असते: ट्रंकेतल्या जुन्या फायलीत, बायकोच्या आठवणीत, स्वयंपाकघरातल्या डब्यात. ती वेळेवर टेबलावर यावी म्हणून हे लिहिते आहे.

गोव्यात हा विषय दूरचा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४ टक्के होता. डायलिसिसच्या खुर्च्या कुणामुळे भरतात, ते यावरून कळावं.

रक्त घट्टही आणि पातळही

गुठळी व्हायला तीन गोष्टी लागतात, असं जुन्या काळापासून शिकवतात: रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडणं, रक्ताचा वेग मंदावणं आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढणं. मधुमेही रुग्णाच्या प्रत्यारोपणात तिन्ही एकत्र येतात. वर्षानुवर्षांच्या साखरेने अस्तर खरखरीत होतं, धमन्यांत कॅल्शियम साचतं. प्लेटलेट, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी, जरा चिथावणी मिळाली की एकमेकांना चिकटतात. फायब्रिनोजेन हे गुठळी बांधणारं प्रथिन वाढलेलं असतं आणि झालेली गुठळी विरघळवणारी शरीराची यंत्रणा मंद पडलेली असते. लघवीतून खूप प्रथिनं जात असतील तर त्यांच्याबरोबर अँटिथ्रॉम्बिनही वाहून जातं. ते गोठण्याला आवर घालणारं प्रथिन आहे.

दुसऱ्या बाजूला, निकामी किडनीमुळे युरिया साचतो आणि त्यात प्लेटलेट नीट काम करत नाहीत. म्हणून याच रुग्णाला टाके घातलेल्या जागी रक्तस्राव होण्याचीही भीती असते. "मग रक्त पातळ करायचं इंजेक्शन सरळ सगळ्यांनाच का देत नाहीत?" असं नातेवाईक विचारतात, त्याचं उत्तर इथे आहे. थोडं जास्त दिलं तर नव्या किडनीभोवती रक्त साचतं, थोडं कमी पडलं तर किडनीच्या शिरेत गुठळी होते. प्रत्येक रुग्णाचं माप वेगळं.

पहिली पायरी: वही

शंभर पानी साधी वही घ्या. तारीख ठरायची वाट पाहू नका, प्रत्यारोपणाचा विचार सुरू झाला की लगेच घ्या. त्यात पुढच्या गोष्टी उतरवा.

आजवर कधी पाय एका बाजूने सुजून दुखला होता का? फुप्फुसात गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आला होता का? स्टेंट घातला असेल तर महिना, वर्ष आणि कार्डाची झेरॉक्स. औषधाचा लेप असलेला स्टेंट नवा असेल तर ठरवून करायची ऑपरेशनं सहसा ६ महिने ते वर्षभर पुढे ढकलतात, म्हणून तारीख महत्त्वाची.

फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, किती वेळा बंद पडला? हे लोक सांगतच नाहीत. त्यांच्या लेखी तो हाताचा प्रश्न असतो, पोटातल्या ऑपरेशनशी त्याचा काय संबंध! संबंध आहे. काही खास कारण नसताना फिस्टुला दोनदा-तीनदा गोठला असेल तर त्या माणसाच्या रक्ताचा गोठण्याकडे कल आहे का, हे तपासावं लागतं. मांडीतून डायलिसिसची नळी कधी घातली होती का, कुठल्या बाजूला, किती दिवस, हेही लिहा. नवी किडनी ओटीपोटात त्याच भागातल्या मोठ्या धमनीला आणि शिरेला जोडतात. ती शीर जुन्या नळीने आतून आकसली असेल तर सर्जनला बाजू बदलावी लागते.

डायलिसिसमध्ये हेपारिन मिळाल्यावर कधी प्लेटलेट घसरल्या होत्या का? असतील तर ती ओळ लाल पेनाने लिहा. हेपारिनने उलट गुठळ्या होण्याचा एक प्रकार आहे आणि तसं ज्याला झालं असेल त्याला हेपारिन पुन्हा द्यायचं नसतं.

आता बायकांबद्दल. वारंवार गर्भपात होणं हे रक्त गोठण्याच्या एका आजाराचं लक्षण असू शकतं. अँटिफॉस्फोलिपिड नावाची प्रतिद्रव्यं त्यामागे असतात आणि तीच नव्या किडनीची शीर बंद पाडू शकतात. पण सासू, दीर, नवरा खाटेभोवती उभे असताना डॉक्टरांनी विचारलं तर बाई "नाही" म्हणून मोकळी होते. डिचोलीच्या एका बाईने मला हे तिसऱ्या भेटीत सांगितलं, तेही मी रक्तदाब मोजायला एकटी गेले तेव्हा. तीन गर्भ गेले होते, लग्नानंतरच्या पहिल्या चार वर्षांत. वीस वर्षं ती त्यावर बोलली नव्हती. मी तिच्या परवानगीने डॉक्टरांना सांगितलं, तपासणी झाली आणि तिच्या उपचाराची आखणी बदलली. कुणासमोर बोलायचं नसेल तर चिठ्ठी लिहा किंवा सिस्टरला बाजूला बोलवा. गर्भनिरोधक गोळ्या किंवा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या चालू असतील तर त्याही याच चिठ्ठीत. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या), जत्रेच्या वेळी अशा गोळ्या सर्रास घेतल्या जातात.

शेवटी एक आकडा: सध्या चोवीस तासांत लघवी किती होते? प्लास्टिकचं मापाचं भांडं आणा, एक दिवस सगळी मोजा आणि लिहा. हा आकडा पुढे लागणार आहे.

दुसरी पायरी: तपासण्यांच्या वेळी काय विचारावं

पायांच्या आणि ओटीपोटाच्या धमन्यांची डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) किंवा सीटी तपासणी झाली का, एवढं विचारा. मधुमेहात या धमन्या इतक्या कडक होऊ शकतात की टाका घालायला मऊ जागा शोधावी लागते आणि ते ऑपरेशनच्या टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं चांगलं. हृदयाची तपासणी होतेच. गुठळीचा पूर्वेतिहास असेल तर रक्त गोठण्याच्या खास चाचण्या करायच्या का, ते विचारा. त्या प्रत्येकाला लागत नाहीत.

साखरेबद्दल एक सावधगिरी. डायलिसिसवरच्या माणसाचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी, फसवं असतं. रक्त कमी असतं, रक्त वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं चालू असतात, त्यामुळे आकडा खरा आहे त्याहून कमी दिसू शकतो. घरी ग्लुकोमीटरवर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहिलेले आकडे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतात.

तिसरी पायरी: गोळ्या

सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या. नावं पाठ करू नका, पट्ट्याच न्या.

साधारण चालीरीत अशी आहे. ॲस्पिरिनचा ७५ मिलिग्रॅमचा छोटा डोस बऱ्याच ठिकाणी चालूच ठेवतात. क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन सुमारे ५ दिवस आधी, आणि तशीच पण आपल्याकडे जास्त चालणारी ॲसिट्रॉम सहसा २-३ दिवस आधी, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी चाचणी) बघत. रक्त पातळ करणाऱ्या अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या किडनी निकामी असताना शरीरात जास्त वेळ राहतात, म्हणून त्यांचा हिशेब तज्ज्ञांकडूनच. साखरेच्या औषधांत डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ३ दिवस आधी बंद करतात. नाहीतर साखर ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं.

हे आकडे तुम्ही स्वतः गोळी बंद करावी म्हणून दिलेले नाहीत. स्टेंट असलेल्या माणसाने मनाने गोळी सोडली तर स्टेंटच बंद पडू शकतो. आकडे यासाठी, की तारीख १५ दिवसांवर आली आणि कुणीच काही बोललं नाही, तर तुम्ही फोन करून विचाराल.

मेंदूमृत दात्याची किडनी मिळणार असेल तर फोन कधीही येतो, आधी थांबवायला आठवडा मिळत नाही. म्हणून यादीवर नाव असलेल्या माणसाने रक्त पातळ करणारी कुठली गोळी कधी घेतली, हे रोज लिहावं. फोन आला की पहिलं वाक्य तेच सांगायचं.

चूर्ण, काढे, लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल, कुणी दिलेलं झाडपाल्याचं औषध हेही पिशवीत घाला. रागावणारे डॉक्टर असतात हे मला ठाऊक आहे. तरी दाखवा.

चौथी पायरी: आदला दिवस

ऑपरेशनआधी डायलिसिस झालं तर त्यात हेपारिन वापरलं का आणि किती पाणी काढलं, ते वहीत टिपा. फार पाणी काढलं की रक्तदाब पडतो आणि नव्या किडनीला सुरुवातीला जोरदार रक्तप्रवाह हवा असतो. कोरड्या वजनाच्या, म्हणजे जादा पाणी काढल्यावर उरायला हव्या त्या वजनाच्या, खाली खेचलेला माणूस टेबलावर नेणं मला कधीच बरं वाटलं नाही.

जुन्या मधुमेहात पोट हळू रिकामं होतं. रात्रीचं जेवण सकाळपर्यंत पोटात राहत असेल, सकाळी आंबट ढेकर, उलटीची भावना होत असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा. शहाळं नेऊ नका. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायची आपली रीत प्रेमाची आहे, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते या माणसाच्या हृदयाला धोक्याचं आहे.

थिएटरच्या दाराआड

इथे घरच्यांना करण्यासारखं काही नाही, म्हणून थोडक्यात. धमनी आणि शीर जोडताना काही वेळ रक्तप्रवाह चिमट्याने थांबवतात. त्याआधी गरज वाटली तर हेपारिन देतात. भूलतज्ज्ञ रक्तदाब पडू देत नाहीत. मधुमेहाने नसा बिघडलेल्या माणसात तो अचानक कोसळू शकतो, म्हणून त्यांचा डोळा सतत तिथेच असतो. साखर दर तासाला मोजून इन्सुलिनचं ड्रिप चालतं, साधारण १४० ते १८० च्या दरम्यान. आत जाताना फक्त एवढं सांगा: फिस्टुला कुठल्या हाताला आहे. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा नको, सुई नको.

पाचवी पायरी: पहिले ४८ तास

नव्या किडनीच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तर ती बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत होते, त्यातही सुरुवातीच्या दोन दिवसांत जास्त. ती दुर्मिळ आहे. पण झाली तर वेळ तासांच्याच हिशेबात असतो, कारण रक्ताशिवाय शरीराच्या उबेत किडनी फार काळ तग धरत नाही.

खूण एकच, बाकीच्या तिच्या मागून येतात: लघवी अचानक कमी होणं. जिवंत दात्याची किडनी पहिल्या दिवशी कित्येक लिटर लघवी करू शकते आणि ती दर तासाला मोजली जाते. ही धार एकाएकी आटली तर पहिल्यांदा नळी बघतात, मग रक्तदाब, मग लगेच डॉपलर सोनोग्राफी. शीर बंद झाली तर किडनीच्या जागी दुखतं, फुगतं, लघवी लालभडक होते. धमनी बंद झाली तर काही दुखतही नाही, लघवी फक्त थांबते. आणि इथे तुमचा तो जुना आकडा लागतो. ज्या माणसाला आधीच दिवसाला ७०० मिलीलीटर लघवी होत होती, त्याची जुनी किडनी काम करतच राहते. पिशवीत लघवी दिसते आणि नवी किडनी ठीक आहे असं वाटतं. आधी किती होती हे कळलं तरच हा भुलावा टळतो.

एक रात्र आठवते. तीन वाजता रुग्णाच्या बायकोने मला हाक मारली, "सिस्टर, पिशवी मघापासून तिथेच आहे." मी चादर वर केली. नळी मांडीखाली दबली होती आणि तिच्यात काळपट लाल, जेलीसारखा एक धागा अडकला होता. नळी सरळ केली, डॉक्टर आले, त्यांनी हलक्या हाताने ती धुतली आणि लघवी वाहू लागली. तरीही त्यांनी त्याच रात्री डॉपलर केली. किडनीत रक्त छान खेळत होतं. त्या बाईला वाटलं, आपण उगाच सगळ्यांची झोप मोडली. अजिबात नाही. मला अशाच जागणाऱ्या बायका हव्या असायच्या. नळीला स्वतः हात लावू नका, पण हाक लगेच मारा.

उलट बाजूच्या खुणाही बघा. ड्रेनच्या (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) बाटलीत ताजं लाल रक्त भराभर येणं, ड्रेसिंग भिजणं, घाम फुटून माणूस पांढराफटक पडणं, नाडी जलद होणं, कमरेत दुखणं. हा रक्तस्राव असू शकतो. म्हणूनच या दिवसांत हेपारिन द्यायचं झालं तर बरेच डॉक्टर साधं हेपारिन, सहसा ५,००० युनिट त्वचेखाली, पसंत करतात. ते किडनीवर फारसं अवलंबून नसतं आणि प्रोटामीन या उताऱ्याच्या औषधाने उतरवता येतं. इनॉक्सापॅरिन हा हेपारिनचाच दुसरा प्रकार किडनीतून बाहेर पडतो, म्हणून नवी किडनी रुळेपर्यंत तो साचू शकतो. कुठलं इंजेक्शन, कुणी, किती वाजता दिलं, ते विचारून वहीत लिहा. सिस्टरांची ड्युटी बदलताना अशी नोंद उपयोगी पडते.

शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून स्टेरॉइडचे मोठे डोस सुरू झाले की साखर ३०० च्या वर जाऊ शकते. घाबरू नका, पण बाहेरून काही खायला देऊ नका. इन्सुलिन वाढवतात, ते "मधुमेह वाढला" म्हणून नव्हे. नवी किडनी इन्सुलिन लवकर बाहेर टाकते आणि स्टेरॉइड व किडनी नाकारली जाऊ नये म्हणून दिलं जाणारं टॅक्रोलिमस साखर चढवतात.

सहावी पायरी: पाय

शुद्धीवर आल्यापासून जागेपणी दर तासाला दहा वेळा पावलं वर-खाली हलवायला सांगा. डॉक्टरांनी होकार दिला की दुसऱ्या दिवशी खाटेवरून उतरवून चालवा, चार पावलं का होईना. पोटरीतलं रक्त चालण्याने जितकं हलतं तितकं कशानेच हलत नाही.

गुठळी टाळायला देतात ते घट्ट मोजे देण्याआधी मधुमेही माणसाच्या पायांची नाडी तपासलेली असली पाहिजे. धमन्या आकसलेल्या असतील तर मोज्यांनी पावलाचं रक्तच तुटतं आणि बधिर पायाला ते कळत नाही. दिवसातून दोनदा मोजे काढून टाचा, बोटांच्या बेचक्या, घोटे हाताने चाचपून बघा. टाचेवर लाल चट्टा दिसला तर त्याच क्षणी सांगा.

फिस्टुलावरही रोज बोटं ठेवा. ती मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर जाणवली पाहिजे. रक्तदाब पडला की पहिल्यांदा तिथेच गुठळी होते, आणि फिस्टुला अजून लागू शकतो.

घरी आल्यावर

काणकोणहून किंवा वाळपईहून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तपासणीसाठी येताना गाडीत पाय लोंबकळत ठेवून बसू नका. मध्ये एकदा उतरून चाला. मुंबईला किंवा बेळगावला ऑपरेशन झालं असेल तर परतीचा प्रवास दर तासा-दीड तासाला थांबत करा. किडनी बसवलेल्या बाजूचा पाय सुजला तर डॉपलर लागतेच. तिथे कधी लसीकेचं (लिम्फचं) पाणी साचून शीर दाबली जाते, कधी खरीच गुठळी असते, बाहेरून सांगता येत नाही. अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर थांबू नका, १०८ लावा आणि "किडनी प्रत्यारोपण झालं आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा.

ॲस्पिरिन दिली असेल तर तिच्यावर डोकेदुखी-अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नव्या किडनीलाही मारतात. ॲसिट्रॉम चालू असेल तर पावसाळ्यात सांभाळा. एका आठवड्यात तायकिळा (टाकळा) आणि तांबडी भाजी रोज, पुढच्या आठवड्यात काहीच नाही, असं झालं की आयएनआर खाली-वर होतो. पालेभाजी खा, पण दर आठवड्याला सारखीच. चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या सजावटीतलं) पपनस सोलून सगळ्यांना वाटतात. टॅक्रोलिमस घेणाऱ्याने ते खाऊ नये, त्याने औषधाची रक्तातली पातळी चढू शकते. अर्धवट शिजलेल्या तिसऱ्या, कालवंही नकोत.

जुलाब लागले तर ते साधे समजू नका. पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि टॅक्रोलिमसची पातळीही चढते. मे महिन्याच्या उकाड्यात दिवसाला किती पाणी प्यायचं, ते लिटरमध्ये विचारून घ्या. "भरपूर" या शब्दावर समाधान मानू नका. मूत्रनळीतला छोटा स्टेंट काढायला काही आठवड्यांनी जाल, तेव्हाही रक्त पातळ करणारी कुठली गोळी चालू आहे ते आधी सांगा.

आणि वही इतक्यात बंद करू नका. प्रत्यारोपणानंतर साधारण ८ महिने ते २ वर्षांच्या काळात काही जणांचं हिमोग्लोबिन वाढतच जातं. डायलिसिसवर ८-९ बघायची सवय असलेल्या घराला १६ दिसलं की आनंद होतो, पेढे वाटतात. पण १७ च्या वर गेलं तर रक्त दाट होतं आणि गुठळीचा धोका पुन्हा वाढतो. पुरुषांमध्ये आणि विडी-सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये हे जास्त दिसतं. रक्तदाबाच्या काही साध्या गोळ्यांनी ते खाली येतं, फक्त कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. प्रत्येक रिपोर्टमधला हिमोग्लोबिनचा आकडा तारखेसह एकाखाली एक लिहीत जा आणि १६ ओलांडला की पुढच्या भेटीची वाट न बघता तो कागद डॉक्टरांना दाखवा.